दवाखाना आणि दादरिया
(सिलतरा येथील कामगारांच्या सभेत हिंदीतून दिलेल्या भाषणाचा अनुवाद)



आजच्या व्याख्यानाचा विषय ठरला तेव्हा आपल्यापैकी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला स्पष्टच विचारले की, परदेशी जाऊन राहिलेला एखादा इंग्रज तेथील औषधोपचारांविषयी आणि तेथील लोकांच्या गाण्यांविषयी काय म्हणतो, याच्याशी सिलतऱ्याच्या भट्टीवर पाळी करणाऱ्या माणसाला काय कर्तव्य आहे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठीच मी येथे उभा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, एखाद्या समाजाचे आरोग्य आणि त्याचे गाणे या दोन निरनिराळ्या खात्यांतील बाबी नव्हेत. परक्या माणसाच्या डोळ्यांना हे नाते कधी कधी आपल्या आधी दिसते. मात्र ते जोपासण्याचे काम परक्याचे नसते. ते आपलेच असते.

अशा परदेशस्थ इंग्रजांपैकी दोघांची ओळख मी प्रथम करून देतो. एक पश्चिमेला गेला, दुसरा पूर्वेला. पश्चिमेला गेलेल्याचे नाव ॲलिस्टर कुक. १९०८ साली इंग्लंडात जन्मलेला हा पत्रकार अमेरिकेत स्थायिक झाला, १९४१ साली तेथील नागरिक झाला, आणि १९४६ पासून २००४ पर्यंत बीबीसीवरून दर आठवड्याला अमेरिकेची हकीकत आपल्या मूळच्या देशबांधवांना सांगत राहिला. राजकारणाइतकेच त्याला तेथल्या जॅझ संगीताचे वेड होते. १९३८ साली त्याने अमेरिकी लोकगीतांची एक मालिकाच बीबीसीवर सादर केली होती.

कुकसारखा इंग्रज अमेरिकेत गेला म्हणजे त्याला दोन गोष्टींचा अचंबा वाटल्यावाचून राहत नाही. त्याच्या मूळ देशात ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झालेली. आजारी माणसाने डॉक्टरकडे जावे, उपचार घ्यावेत आणि बिलाची चिंता न करता घरी यावे, अशी ती व्यवस्था. खर्च भागतो तो मुख्यतः सर्वांच्या करांतून. अमेरिकेत मात्र निराळा प्रकार घडला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, तेथे वेतनवाढीवर निर्बंध आले. पगार वाढविता येईना, तेव्हा कामगार टिकवून धरण्यासाठी कारखानदार आरोग्यविमा देऊ लागले. अशा रीतीने औषधपाणी नोकरीला बांधले गेले, आणि नोकरी सुटली की विम्याचे छत्रही डोक्यावरून जाऊ लागले. १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या योजना आल्या. २०१० साली आणखी एक मोठा कायदा झाला. तरीही सर्वांना सामावून घेणारी एकच व्यवस्था त्या संपन्न देशात उभी राहिली नाही.

दुसरी गोष्ट गाण्याची. ज्या संगीताने अमेरिकेचे नाव जगभर नेले, ते तिच्या दक्षिणेकडील शेतांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांच्या गळ्यातून निघालेले होते. मडी वॉटर्स हा गायक १९४३ साली मिसिसिपीतील शेतमजुरी सोडून शिकागोला आला. त्याचे आणि त्याच्यासारख्यांचे ब्लूज पुढे १९६० च्या सुमारास लंडनमधील तरुणांनी आपलेसे केले आणि तेच अमेरिकेला परत नेऊन ऐकविले. म्हणजे ज्या मजुराचे गाणे साऱ्या जगाला फुकट मिळाले, त्याच मजुराला आजारपणात दवाखान्याचे दार मात्र पैसे मोजून उघडावे लागत होते. परक्या माणसाला हा विरोध चटकन जाणवतो. घरच्या माणसाला त्याची सवय झालेली असते.

आता पूर्वेला आलेल्या इंग्रजाकडे वळू, कारण त्याचा संबंध आपल्या छत्तीसगढशी आहे. व्हेरियर एल्विन याचा जन्म १९०२ साली इंग्लंडात डोव्हर येथे झाला. वडील बिशप होते. ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य आणि ईश्वरविद्या या दोन्ही विषयांत प्रथम वर्ग मिळवून हा तरुण १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाला. तेथे गांधीजींच्या विचारांचा त्याच्यावर खोल परिणाम झाला, आणि तेथेच त्याला जन्माचा सोबती मिळाला. हा सोबती म्हणजे शामराव हिवाळे हे मराठी गृहस्थ. जमनालाल बजाज यांनी दोघांना मध्य प्रांतातील गोंडांमध्ये काम करण्याचे सुचविले. त्यानुसार १९३२ च्या प्रारंभी ही मंडळी मंडला जिल्ह्यातील करंजिया या गावी येऊन राहिली. अमरकंटकच्या डोंगरांखालचा हा मुलूख आज छत्तीसगढच्या सीमेला लागून आहे.

करंजियात त्यांनी शाळा काढल्या आणि दवाखाना सुरू केला. पुढे कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थानही उभारले. एल्विनच्या ग्रंथांची कीर्ती जगभर झाली. पण दवाखान्यात दररोज फोडांवर मलम लावण्याचे, हिवतापाची औषधे देण्याचे आणि रोग्यांचे गाऱ्हाणे ऐकून घेण्याचे काम मुख्यतः शामरावांनी केले, ही गोष्ट आपण विसरू नये. परदेशस्थ विद्वानाच्या चरित्रात असा एक स्थानिक सोबती बहुधा असतो, आणि त्याचे नाव बहुधा लहान अक्षरांत छापले जाते. शामराव स्वतःही लेखक होते. परधानांवरील त्यांचा ग्रंथ १९४६ साली प्रसिद्ध झाला.

या दवाखान्यात एल्विनच्या मनात जे मत हळूहळू पक्के झाले, ते असे: गोंड आणि बैगा लोकांना हिवताप आहे, खरूज आहे, कुष्ठरोग आहे, आणि या सर्वांवर औषध हवेच, परंतु या लोकांना आणखी एक दुखणे जडले आहे, ज्याची नोंद कोणत्याही दवाखान्याच्या वहीत होत नाही. ते दुखणे म्हणजे जगण्यातील उमेद खचणे. १९४१ साली त्याने या विषयावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. माणसाचे जंगल गेले, त्याचा धंदा गेला, त्याच्या नाचगाण्याची त्याला लाज वाटू लागली, म्हणजे त्याचे मन आतून मोडते, आणि मोडलेल्या मनाच्या माणसाला केवळ गोळ्या देऊन उभे करता येत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते.

याची दोन उदाहरणे त्याने पुनःपुन्हा दिली. पहिले बैगांचे. धरतीमातेच्या छातीवर नांगर चालवू नये, अशी बैगांची श्रद्धा. ते झाडे तोडून, जाळून, राखेत बी टाकीत. त्याला बेवार म्हणत. सरकारने जंगलरक्षणासाठी बेवारीला आळा घातला आणि १८९० साली एका मर्यादित टापूतच, बैगाचकात, तिला वाव ठेवला. बैगा हा आसपासच्या गोंडांचा पुजारी आणि गुनिया. साप, वाघ, रोगराई यांपासून गावाचे रक्षण करणारा. त्याच्या हाती नांगर देण्यात आला तेव्हा त्याचे पीकच नव्हे, तर त्याचा धर्म आणि त्याची वैद्यकी ही दोन्ही डळमळली. १९३९ सालच्या आपल्या ग्रंथात एल्विनने हे सविस्तर नोंदविले.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे, कारण ते लोखंडाचे आहे. सिलतऱ्यात आज फिरत्या भट्ट्यांमध्ये कोळशाच्या साह्याने खनिजापासून स्पंज लोखंड तयार होते. याच प्रदेशाच्या डोंगरांत अगारिया नावाचे लोक मातीच्या लहान भट्ट्यांत, पायाने भाता चालवून, लाकडी कोळशावर लोखंड गाळीत असत. लोहासुर, अग्यासुर आणि कोयलासुर ही त्यांची दैवते. लोखंड, अग्नी आणि कोळसा यांचा संयोग त्यांना कोरडी रासायनिक क्रिया वाटत नव्हती. तो त्यांच्या कुळाचा इतिहास होता, आणि आपल्या पूर्वजांच्या लोहनगरीची कथा ते सांगत असत. सरकारने भट्टीवर कर बसविला, जंगलातील कोळसा दुर्मिळ झाला, आणि बाजारात कारखान्याचे स्वस्त लोखंड आले. अगारियांच्या भट्ट्या विझत गेल्या. एल्विनने १९४२ साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिला तेव्हा त्याला दिसले की, भट्टीबरोबर कथा विझत होती आणि कथेबरोबर माणूसही. मित्रहो, आपण ज्या धंद्यावर पोट भरतो, त्या धंद्याचे हे आपले वडीलधारे होत.

आता गाण्याविषयी. एल्विनने शामरावांसह मैकल डोंगरातील गीतांचा संग्रह १९४४ साली प्रसिद्ध केला, आणि छत्तीसगढच्या लोकगीतांचा स्वतंत्र संग्रह १९४६ साली. करमा, दादरिया, सुआ हे प्रकार इंग्रजी वाचकाला प्रथमच एवढ्या विस्ताराने कळले. भाषांतरात त्याने एक पथ्य पाळले होते. मूळ गीतात नसलेली उपमा आपल्या पदरची घालावयाची नाही. ओळ साधी असेल तर ती साधीच ठेवावयाची. चिनी कवितांचा भाषांतरकार आर्थर वेली याला तो या बाबतीत आदर्श मानीत असे. गरिबाच्या गाण्यावर दया म्हणून अलंकार चढवू नयेत, हा त्यामागील विचार मला फार मोलाचा वाटतो.

ज्या गोष्टीचा त्याला विशेष संताप येई, ती म्हणजे सुधारणेच्या नावाखाली करमा नृत्य बंद पाडण्याची. प्रतिष्ठा मिळवावयाची तर नाचणे सोडा, असा उपदेश बाहेरून येणारे लोक करीत, आणि खुद्द समाजातील पुढारीही करू लागले होते. एल्विनचे म्हणणे असे की, ज्या माणसाजवळ शेत थोडे, अन्न थोडे, वस्त्र थोडे, त्याच्याजवळील रात्रीचा मांदर काढून घेणे हे त्याच्या शरीरातील रक्त काढून घेण्यासारखे आहे.

परंतु हे सर्व सांगून मी थांबलो, तर आपली फसवणूक केल्यासारखे होईल. एल्विनवर त्याच्या काळातच कठोर टीका झाली. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ सालच्या आपल्या पुस्तकात त्याच्या भूमिकेचे खंडन केले. एल्विनने आरंभी बैगांसाठी एक राखीव प्रदेश असावा असे सुचविले होते. माणसांना असे वेगळे काढून ठेवणे म्हणजे त्यांना संग्रहालयात ठेवणे होय, हा आक्षेप त्याला सहन करावा लागला. पुढे त्याने स्वतःच ती कल्पना मागे टाकली. ईशान्य सीमेवरील कामाच्या काळात, १९५७ सालच्या ग्रंथात, त्याने मध्यममार्ग सांगितला. १९५४ साली तो भारताचा नागरिक झाला, १९६१ साली त्याला पद्मभूषण मिळाले आणि १९६४ च्या फेब्रुवारीत दिल्ली येथे त्याचे निधन झाले.

माझा स्वतःचा आक्षेप थोडा निराळा आहे. रोगाचे निदान एल्विनने अचूक केले. पण उपचार कोणी ठरवावयाचा, हा प्रश्न त्याच्या लिखाणात बहुतेक वेळा अधिकारी, विद्वान आणि सेवक यांच्यामध्येच फिरत राहिला. ज्याचे गाणे आणि ज्याचा ताप, त्याने स्वतः दवाखाना काढावा, ही कल्पना तेथे क्वचितच डोकावते. वस्तुतः त्याच्या जन्मभूमीत तिचे उत्तम उदाहरण घडून गेले होते. वेल्समधील ट्रेडीगर हे लोखंडाचे आणि कोळशाचे गाव. तेथील कामगारांनी १८९० साली आपल्या मजुरीतून वर्गणी काढून एक वैद्यकीय साहाय्य संस्था स्थापन केली, आणि त्या पैशांतून डॉक्टर व औषधे यांची सोय केली. याच गावात १८९७ साली जन्मलेला अन्युरिन बेव्हन हा खाणकामगार पुढे ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला, आणि १९४८ सालची राष्ट्रीय आरोग्यसेवा त्याने त्याच अनुभवाच्या पायावर उभी केली. ज्या व्यवस्थेच्या तुलनेत इंग्रज मनुष्य अमेरिकेकडे पाहून अचंबा करतो, तिचे मूळ कामगारांच्या वर्गणीत आहे. वेल्सचे हे कामगार समूहगायनासाठीही प्रसिद्ध होते, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

आणि आपल्याकडे? दल्ली-राजहरा येथील लोहखाणीतील मजुरांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली. १९७७ साली तेथे गोळीबारात कामगार मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ मजुरांनी आपल्या श्रमांतून आणि वर्गणीतून ३ जून १९८३ रोजी शहीद रुग्णालय सुरू केले. डॉक्टर बाहेरून आले. पण दवाखाना कोणाचा, याविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती. दारूविरुद्धची मोहीम असो की अतिसारात मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजण्याची शिकवण असो, ती वस्तीपर्यंत नेण्यात मजुरांच्या सभांचा आणि गाण्यांचा वाटा मोठा होता. ‘नवा अंजोर’ हे त्यांचे सांस्कृतिक पथक त्याच चळवळीतून निघाले.

त्याच काळात आमच्या गाण्यालाही घरचे धनी मिळत होते. रामचंद्र देशमुख यांनी १९७१ साली ‘चंदैनी गोंदा’ रंगमंचावर आणला आणि शेतकऱ्याच्या सुखदुःखाला छत्तीसगढी गीतांचे रूप दिले. रायपुरात १९२३ साली जन्मलेले हबीब तनवीर नाट्यशिक्षणासाठी १९५५ साली लंडनला गेले, पण परत येऊन त्यांनी ‘नाचा’च्या अशिक्षित म्हटल्या जाणाऱ्या कलावंतांनाच आपले गुरू मानले. त्यांचे ‘चरणदास चोर’ १९८२ साली एडिंबरोच्या महोत्सवात गौरविले गेले. एल्विनने जे पुस्तकात जतन केले, ते या मंडळींनी गळ्यात जिवंत ठेवले. जतन करणे आणि जिवंत ठेवणे यांत अंतर आहे.

या दोन धारा, औषधाची आणि गाण्याची, जेथे एकत्र आल्या असे एक उदाहरण तर आपल्या प्रत्येक पाड्यात आहे. भोजलीचा सण आपण सर्व जाणता. मुली टोपलीत गहू पेरतात, गंगामाईची गीते गातात, आणि विसर्जनाच्या दिवशी एकमेकींच्या कानावर ती कोवळी रोपे खोवून जन्माची मैत्री जोडतात. अशी मैत्रीण म्हणजे मितानिन. सख्ख्या बहिणीहूनही जवळची. छत्तीसगढ राज्य झाल्यावर २००२ साली गावोगावच्या स्त्रियांमधून आरोग्यसेविका निवडण्याचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्यांना कोणतेही सरकारी पदनाम न देता हेच नाव देण्यात आले. गीते आणि कलाजत्था यांच्याद्वारे त्यांचा प्रचार झाला. आकाशवाणीवर त्यांचा कार्यक्रम झाला. हजारो पाड्यांत मितानिनी उभ्या राहिल्या, आणि २००५ साली देशभर सुरू झालेल्या ‘आशा’ योजनेपुढे त्यांचेही उदाहरण होते. तापाने फणफणलेल्या बाळाच्या आईला औषधाची पुडी कोणाच्या हातून येते, यालाही महत्त्व असते. ती मैत्रिणीच्या हातून आली तर पोटात जाते. साहेबाच्या हातून आली तर कित्येकदा वळचणीला खोचून राहते.

आता सिलतऱ्याकडे येतो आणि संपवितो. माझ्या परिचयाचा एक कामगार येथे ठेकेदाराकडे काम करीत असे. कित्येक महिने त्याला खोकला होता. तो दवाखान्यात का जात नाही, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “बाबूजी, माझे कार्ड निघालेले नाही, आणि मी आजारी आहे हे कळले, तर उद्या मला कोण बोलावील?” आपल्या देशात कर्मचारी राज्य विम्याचा कायदा १९४८ साली झाला; ज्या वर्षी ब्रिटनची आरोग्यसेवा सुरू झाली, त्याच वर्षी. ठेकेदारामार्फत लावलेल्या कामगारालाही त्यात स्थान दिलेले होते. पण कायद्यात स्थान असणे आणि खिशात कार्ड असणे यांत जे अंतर आहे, त्या अंतरात माणसाची छाती भरून येते. अमेरिकेतील ज्या व्यवस्थेकडे पाहून इंग्रज नवल करतो, ती सातासमुद्रांपलीकडे आहे असे समजू नका. नोकरी गेली की औषध गेले, हे भय आपल्या फाटकाशीही उभे आहे.

त्याच कामगाराला मी पुढे विचारले, “रात्री खोलीवर काय करता?” तो म्हणाला, “प्रत्येक जण आपापल्या मोबाइलवर गाणी ऐकतो.” एका खोलीत राहणारे कोणी ओडिशाचे, कोणी बिहारचे, कोणी बलौदाबाजारचे, प्रत्येकाच्या कानात निराळे गाणे, आणि खोलीत मात्र कोणीच गात नाही. गाणे ऐकण्यात काही वावगे नाही. परंतु जे एकत्र गात नाहीत, ते शेजारच्या बाजेवरचा खोकलाही ऐकत नाहीत, असा माझा अनुभव आहे. दादरिया हे सवालजबाबाचे गाणे आहे. एकाने ओळ टाकावी, तर दुसऱ्याने ती उचलावी लागते. उचलणारा कोणी नसेल, तर दादरिया होतच नाही.

तेव्हा माझी विनंती दोन लहान गोष्टींची आहे. महिन्यातून एक सायंकाळ ठरवा. त्या दिवशी कोणाचे कार्ड निघाले, कोणाचे राहिले, कोणाला खोकला आहे, कोणाच्या श्वासाला त्रास आहे, याची एक वही करा, आणि ज्याचे कार्ड राहिले असेल, त्याच्याबरोबर दोघांनी जावे, एकट्याला पाठवू नये. वही मिटल्यावर उठून जाऊ नका. मांदर असेल तर मांदर, नसेल तर थाळी घ्या, आणि ज्याच्या मुलखाचे जे गाणे असेल, ते त्याला म्हणू द्या. परक्या देशातून आलेल्या एका माणसाने ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या डोंगरात बसून ओळखले की, ताप आणि गाणे एकाच शरीरात राहतात. ते ओळखल्याबद्दल आपण त्याचे ऋणी आहोत. पण दवाखान्याची वही आणि गाण्याची पहिली ओळ, या दोन्ही गोष्टी यापुढे आपल्याच हातांत असाव्यात.